यंत्राला दोन, जिवाला एक

(सामुदायिक रेडिओवर एका बचत गटाने केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. शिलाई, पापड, शेळ्या ही कामं आमच्याकडे आहेतच. त्याच्या जोडीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही वेल्डिंग करतो. शेळ्यांच्या गव्हाणी, कोंबड्यांची खुराडी, शिलाई मशीनचे स्टँड, खिडकीच्या जाळ्या, मोडलेल्या लोखंडी खाटा, असं घरचं आणि शेतातलं काम.

तुमचे निरोप येतात, त्यात एकच विचारणा असते. "ताई, आमच्या गटाला वेल्डिंगचं यंत्र घ्यायचंय. कुठलं घेऊ? घरच्या लाईटीवर चालेल का? आम्हाला जमेल का?" आज त्याचंच बोलू. हातात काम असेल तर चालू राहू द्या, निवडता निवडता ऐका.

सगळ्यात आधी पैशाचा हिशोब सांगतो, कारण कर्ज काढून घ्यायची वस्तू आहे. गटाने ठरवलेल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भाग यंत्र आणि हत्यारं. एक भाग वायरिंग, आर्थिंग, डोळ्यांची काच, हातमोजे, बूट. यंत्राला दोन, जिवाला एक. हा तिसरा भाग बाजूला काढून ठेवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. दुकानात गेलं की होतं काय, मोठं यंत्र बघून मन मोठं होतं आणि काचेचे पैसे यंत्रात जातात. मग पाच-पन्नास रुपयांच्या काळ्या चष्म्यावर काम सुरू होतं. यंत्र नंतर बदलता येतं, डोळे बदलता येत नाहीत.

आता यंत्राकडे वळू.

बाजारात दोन जातीची यंत्रं दिसतील. एक जुनं, ट्रान्सफॉर्मरचं, वाईंडिंगचं. लोखंडाचा जड डबा, दोघींना उचलत नाही. टिकाऊ असतं, बिघडलं तर वाईंडिंगवाला दुरुस्त करतो. पण ते वीज फार ओढतं, आणि त्यातली बरीचशी यंत्रं दोन फेजवर चालतात. आपल्या घरात येते एक फेज. दुसरं आहे इन्व्हर्टरचं यंत्र. दुकानदार त्याला आयजीबीटी म्हणतात. पाच-सात किलोचं, खांद्याला अडकवून नेता येतं, एका फेजवर चालतं, वीज कमी ओढतं. छोटी इन्व्हर्टर यंत्रं साधारण पाच ते दहा हजारांच्या आसपास मिळतात. घरच्या कामाला हेच बरं. फक्त त्याला धूळ आणि पाणी सोसत नाही. शेजारी ग्राइंडर चालला की लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाते. म्हणून यंत्र ग्राइंडरपासून लांब ठेवायचं आणि काम झालं की झाकायचं.

खोक्यावर २००, २५०, ३०० असे आकडे असतात. तो अँपिअरचा आकडा. आपल्याला वाटतं, जितका मोठा तितकं चांगलं. पण आपलं काम कुठलं आहे ते बघा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा अँगल, पट्टी, चौकोनी पाईप. त्याला लागतो अडीच मिलिमीटरचा रॉड, ज्याला दुकानात बारा नंबर म्हणतात. कधी जरा जाड काम आलं तर ३.१५ चा, म्हणजे दहा नंबर. रॉडच्या एका मिलिमीटरला ३० ते ४० अँपिअर, असा ढोबळ हिशोब धरा. अडीचच्या रॉडला ७५ ते ९० पुरतात. दहा नंबरला ९५ ते १२५. म्हणजे खरोखर २०० देणारं यंत्र आपल्याला भरपूर झालं.

खरोखर हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावरचा आकडा सोडा, यंत्राच्या पाठीवरची पाटी वाचा. तिथे ड्युटी सायकल म्हणून टक्के लिहिलेले असतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हे माप ४० अंश उष्णतेला धरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं, तेव्हा विश्रांती वाढवा. यंत्र तापून आपोआप बंद पडलं तर ते बिघडलं असं समजू नका. पंखा चालू ठेवून थंड होऊ द्या. ज्या यंत्राला पाटीच नाही, ते घेऊ नका.

आता घरच्या लाईटीचं बघू. एक सखी विचारते, "आमचा प्लग १६ अँपिअरचा, मग यंत्र ९० अँपिअर कुठून देतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. असं बघा, आत येते ती वीज २३० व्होल्टची. बाहेर रॉडच्या टोकाला काम करताना राहतात २३-२४ व्होल्ट. व्होल्ट उतरवून यंत्र अँपिअर वाढवतं. त्यामुळे ९० अँपिअरवर काम करताना भिंतीतून साधारण १५-१६ अँपिअर ओढले जातात. पाणी तापवायच्या दोन मोठ्या कांड्या एकदम लावल्या तर जेवढा भार येईल, तेवढा धरा. म्हणजे १६ च्या प्लगवर अडीचचा रॉड कसाबसा चालतो. दहा नंबरला २०-२२ लागतात, तिथे तो प्लग वितळतो.

म्हणून मीटरपासून शेडपर्यंत वेगळी तांब्याची वायर ओढून घ्या, चार चौरस मिलिमीटरची. अंतर लांब असेल तर सहाची. तिला वेगळा एमसीबी, आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मंजूर भार किती आहे तो बिलावर छापलेला असतो. कमी असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज करा. आणि विक्रीसाठी माल करणार असाल तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन त्या वापराची जोडणी मागा. घरगुती किंवा शेतीच्या जोडणीवर धंदा केला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते. आकडा टाकून यंत्र लावायचा तर विचारच नको.

संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की लाईट मंद होते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी रॉड चिकटतो, नीट जळत नाही. घरचा व्होल्ट सकाळी, दुपारी, संध्याकाळी वायरमनकडून मोजून घ्या आणि तो कागद दुकानात न्या. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत यंत्र चालेल, ते पाटीवर किंवा पुस्तिकेत असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन लावलं तर व्होल्ट आणखी पडतो. गुंडाळी तशीच ठेवली तर वायर तापते. पूर्ण उलगडूनच वापरा.

बिलाची धास्ती मात्र नको. तासाभराच्या कामात रॉड प्रत्यक्ष जळतो वीस मिनिटांच्या आसपास. बाकी वेळ मापं घेणं, कापणं, घासणं. तेवढ्यात एका युनिटच्या आतबाहेर वीज जाते.

आर्थिंगच्या बाबतीत एक गोंधळ सगळीकडे दिसतो. यंत्राच्या एका केबलला चिमटा असतो, तो आपण कामाच्या लोखंडाला लावतो. त्याला बोलताना सगळे "अर्थ" म्हणतात. पण ते घराचं आर्थिंग नव्हे. घराचं आर्थिंग म्हणजे जमिनीतला खड्डा, कोळसा, मीठ आणि त्यातून आलेली तार. दोन्ही लागतात, एकाचं काम दुसरं करत नाही. आपल्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओता.

दुकानात गेल्यावर काय करायचं? एक, यंत्र चालवून बघा. अडीचचे दोन रॉड आणि दहा नंबरचा एक रॉड समोर जाळून दाखवायला सांगा. दोन, सोबतची केबल पूर्ण तांब्याची आहे का विचारा, आणि लांबी बघा. तीन, दुरुस्ती कुठे होते ते विचारा. तालुक्याला होत असेल तर ठीक, पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर काम आठवडेच्या आठवडे अडतं. चार, पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद गटाच्या नावावर घ्या. एकट्या मालकांना किंवा भावाला पाठवू नका. चालवणार आहे ती बाई सोबत असू द्या.

आता जिवाचा तिसरा भाग.

डोळे. वेल्डिंगच्या उजेडात दिसणाऱ्या उजेडाशिवाय अतिनील किरणं असतात. ती डोळ्याला दिसत नाहीत, पण बुबुळाचा वरचा पडदा भाजतात. लगेच काही होत नाही. सहा-बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. गावाकडे मग दूध घालतात, बटाट्याचा रस घालतात. तसं काही डोळ्यात घालू नका, जंतू जातात. चोळू नका. मिटलेल्या डोळ्यांवर गार ओलं फडकं ठेवा आणि सकाळी डॉक्टर गाठा. हे होऊच नये म्हणून पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घ्या, त्यात १० किंवा ११ नंबरची काच. काळी काच ठिणग्यांनी खराब होऊ नये म्हणून तिच्यापुढे साधी काच असते, ती बदलत राहा. आपोआप काळी होणारी काच मिळते, शिकताना तिचा फार उपयोग होतो. हात दोन्ही मोकळे राहतात आणि रॉड कुठे टेकवला ते दिसतं. घ्याल तेव्हा तिच्यावरचा नंबर आणि मानकाची खूण बघून घ्या.

उजेड आपल्यालाच लागतो असं नाही. पोरं जमतात, म्हातारी माणसं ओट्यावरून बघतात. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेडही लागतो. कामाच्या भोवती काळ्या रंगाचा पत्रा उभा करा, नाहीतर जुनी लोकरीची घोंगडी टांगा. लोकर सहज पेट घेत नाही. गोणपाट मात्र नको, ते भडकतं.

अंगावरचे कपडे. नायलॉनची साडी, सिंथेटिक ओढणी कामाच्या जागी आणायचीच नाही. ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. सुती कपडे, वरून सुती पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. साडी नेसलात तर पदर कमरेला पक्का खोचा. केस बांधून सुती फडक्यात. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र शर्टाच्या आत. त्यावरून घरात कुणी बोललं तर सांगा, गिरणीत पट्ट्याजवळ जाताना आपण पदर सावरतो, तसंच हे आहे. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट. चप्पल घालून वेल्डिंग करायचं नाही.

शॉक. रॉड जळत नसतो तेव्हा होल्डरच्या टोकाला ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हाताला कळतही नाही, पण घामाने भिजलेल्या अंगाला, ओल्या जमिनीवर तेवढे पुरतात. आरसीसीबी आत येणाऱ्या विजेची राखण करतो, होल्डरच्या बाजूची नाही. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट हवी. पावसात उघड्यावर काम बंद. होल्डर काखेत धरायचा नाही. रॉड बदलताना हातमोजा काढायचा नाही. कुणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद, मग हात लावा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने यंत्राजवळ थांबू नये.

धूर. जस्ताचा मुलामा दिलेला पाईप किंवा पत्रा जोडताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, हिवतापासारखा. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूर बाधत नाही असं सांगतात. त्याने काही थांबत नाही. जोडाच्या जागेचा मुलामा ग्राइंडरने घासून काढा, वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असं बसा, डोकं धुराच्या वर नेऊ नका. बंद खोलीत काम नको.

आग. कडब्याची गंजी, गवत, गॅसची टाकी यांपासून निदान ३५ फूट लांब. शेजारी वाळूची बादली. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, दडलेली ठिणगी उशिरा पेटते. आणि हे सगळ्यांनी पाठ करा: बंद पिंप, तेलाचा डबा, औषधाचं ड्रम, गाडीची पेट्रोलची टाकी वेल्डिंगला घ्यायची नाही. रिकामी दिसली, धुतलेली दिसली, तरी नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. गावातलाच माणूस आर्जव करेल, "ताई, एवढा एक टाका मारा." तरी नाही म्हणा.

आता हाताचं काम. सुरुवातीला पातळ पाईप घेऊ नका. १८ गेजचा पाईप सव्वा मिलिमीटरच्या आत असतो, रॉड टेकला की भोक पडतं. भंगारातून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आणा आणि पहिलं रॉडचं पाकीट पूर्ण शिकण्यात घालवा. रॉड ६०१३ जातीचा मागा, घरच्या कामाला तो सोपा. होल्डर कुठल्या बाजूला जोडायचा ते पाकिटावर असतं.

जोडाची जागा गंज, रंग, तेल काढून चकचकीत करा. चिमटाही चकचकीत जागेवरच लावा. रॉड काडी ओढल्यासारखा ओढा आणि लगेच किंचित उचला. उचलायचा किती? रॉडच्या सळईच्या जाडीएवढाच. चिकटला तर मनगटाने पिळून सोडवा, नाही सुटला तर होल्डरचा चाप उघडा. पुढे सरकताना रॉड सरकण्याच्या दिशेला थोडा झुकलेला. नजर उजेडावर नको, मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या लोखंडाच्या थेंबावर ठेवा. आवाज कानाने ओळखा. कढईत भजी एकसारखी तळताना जो आवाज येतो, तो बरोबर. फटफट झालं तर रॉड लांब गेला. गुदमरल्यासारखं झालं तर अँपिअर कमी आहेत.

जोड थंड झाला की वर खपली राहते, तिला स्लॅग म्हणतात. साधा पारदर्शक चष्मा लावूनच ती हातोडीने काढा, गरम खपली डोळ्यात उडते. ग्राइंडरचंही तसंच. त्याचं गार्ड कधी काढायचं नाही, आणि चकतीवर लिहिलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत.

चौकट करताना आधी चारी कोपऱ्यांना छोटे टाके मारा, गुण्या लावून काटकोन बघा, दोन्ही कर्ण मोजा, मगच पूर्ण जोड घ्या. एकाच बाजूने जोडत गेलं की लोखंड त्या बाजूला ओढलं जातं आणि चौकट वाकते. आणि रॉड धान्यासारखे सांभाळा, झाकणाच्या घट्ट डब्यात. ओल लागली की ते तडतडतात आणि जोडात बारीक भोकं राहतात.

जोड पक्का झाला का, हे नुसतं बघून कळत नाही. दोन तुकडे काटकोनात एका बाजूने जोडा, आणि हातोडीने जोडावर मोडा. आत स्लॅगची काळी रेघ दिसली, किंवा एक तुकडा गुळगुळीत सुटून आला, तर वरून सुंदर दिसणारा तो जोड कच्चा होता. आठवड्यातून एकदा हा मोडून बघायचा खेळ आमच्या शेडमध्ये चालतो.

याच कारणाने काही कामं आम्ही घेत नाही. पाण्याच्या टाकीचा उंच मनोरा, लहान मुलांचा झोपाळा, जिना, ट्रॉलीचा हूक. ही कामं तुटली तर माणूस दगावतो. ती अनुभवी फॅब्रिकेटरकडे पाठवा. त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे गव्हाण, खुराडं, स्टँड, जाळी यांचं काम भरपूर आहे.

माल घेतानाही हिशोब ठेवा. तीन मिलिमीटर जाडीचा इंची अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो. सहा मीटरची लांबी म्हणजे साडेसहा-पावणेसात किलो. फार हलकी भरली तर जाडी कमी आहे. दर सांगताना लोखंड, रॉड, चकती, वीज आणि आपली मजुरी, पाचही धरा. मजुरी विसरायची सवय आपल्या बायांना फार आहे.

शेवटी, शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथे मुलींनाही प्रवेश असतो. घरातल्या लेकीला, सुनेला पाठवता आलं तर जरूर पाठवा. नाही जमलं तर गावातल्या एखाद्या जाणत्या वेल्डरदादांना गटात बोलवा, दिवसाचा पगार द्या आणि निदान दहा-पंधरा दिवस शेजारी उभं करून शिका. "हे बाईचं काम नव्हे" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. चुलीपुढे बसून हात न भाजता भाकरी उलटणाऱ्या बाईला विस्तवाजवळ कसं वागायचं, हे नव्याने सांगावं लागत नाही. फक्त हा विस्तव डोळ्यांनी बघायचा नसतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

तर पुढच्या बैठकीत यंत्राचा विषय निघाला की वहीत तीन ओळी लिहा. आपलं काम किती जाडीचं? घरचा व्होल्ट किती आणि मंजूर भार किती? काच, हातमोजे, बूट, वायरिंग यांचे पैसे बाजूला काढले का? तिन्ही ओळी भरल्या की मग खुशाल दुकानात जा.

तुमचे प्रश्न रेडिओकडे पाठवत राहा. पुढच्या वेळी शेळ्यांच्या गव्हाणीची मापं सांगू, वही-पेन घेऊन बसा. येतो आम्ही. नमस्कार.